व्यसन, उपचार आणि सरकार: गावागावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या गावांत व्यसनावर बोलायला जातो, तेव्हा सभेत फारसं कुणी विचारत नाही. सभा संपते, लोक चपला घालतात आणि मग एखादी माय बाजूला ओढून हळूच विचारते. काही प्रश्न फोनवर येतात, काही बचत गटाच्या ताया चिठ्ठीवर लिहून देतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून इथे उत्तरांसह मांडले आहेत. काहींची बोली मुद्दाम आली तशीच ठेवली आहे. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कुठल्या गोळीचं प्रमाण किती, हे इथे मिळणार नाही.

१. व्यसन हा खरंच आजार आहे, की ज्याला सोडायचंच नाही त्याचा बहाणा?

पिणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. पण रोज लागते, सकाळी उठल्यावर हात थरथरतात, आधी एका क्वार्टरने भागायचं तिथे आता दोन लागतात, ठरवूनही थांबता येत नाही, मजुरी बुडते, घर फुटतं आणि तरीही सुटत नाही, अशी अवस्था आली की तो आजार झाला. दारू, गांजा, तंबाखू किंवा गोळ्या यांनी मेंदूची घडण बदलते. एकदा ती बदलली की नुसत्या निश्चयाने ती पूर्वपदावर येत नाही.

आपला कायदाही हेच मानतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. त्याच कायद्याच्या कलम १८ ने सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे. दवाखान्यात जाताना हे लक्षात ठेवा. तुम्ही उपकार मागायला जात नाही.

२. ‘सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न’ म्हणजे सरकारने नेमकं काय करायचं?

गावात कुणाला टीबी झाला तर काय होतं ते आठवा. आशाताई घरी येते, थुंकी तपासतात, गोळ्या फुकट मिळतात, गोळ्या चुकल्या तर कुणीतरी विचारायला येतं. ‘तुझीच चूक, आता भोग’ असं म्हणून त्याला कुणी परत पाठवत नाही. व्यसनी माणसासाठीही हेच व्हावं, एवढीच मागणी आहे: लवकर ओळखणं, जवळ उपचार, फुकट औषधं आणि नंतरचा पाठपुरावा.

कागदावर बरंच काही आहे. केंद्राचा व्यसनमुक्ती कार्यक्रम १९८८ पासून आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांमधल्या नशेच्या प्रकरणात देशभर पाहणी करा, राष्ट्रीय आराखडा तयार करा, असे आदेश दिले. ती पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत फक्त एकाला कसलाही उपचार मिळाला होता, आणि भरती करून घेतलेला १८० जणांत एक होता. माझ्या दृष्टीने सगळ्या धोरणाचं मोजमाप या ३८ च्या आकड्यात आहे. मिरवणुका, शपथा आणि भिंतीवरच्या घोषणा कितीही झाल्या तरी हा आकडा खाली आला का, हे विचारायला हवं.

कामाची वाटणीही लोकांना अडकवते. दवाखाने आरोग्य खात्याकडे, संस्थांमार्फत चालणारी पुनर्वसन केंद्रं सामाजिक न्याय खात्याकडे आणि दारूचे परवाने उत्पादन शुल्क खात्याकडे. एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवलं जातं ते यामुळेच.

३. उपचार कुठे मिळतात आणि पैसे किती लागतात?

पहिली पायरी गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि मग जिल्हा सामान्य रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम जिल्हा रुग्णालयात बसते. ‘मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी?’ असं विचारूनच निघा, नाहीतर एसटीचं भाडं वाया जातं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे आहेत, तिथे थोडे पैसे लागू शकतात. जास्त गुंतागुंत असेल तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ ही टेलि-मानस सेवा आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६. कोणतं केंद्र सरकारमान्य आहे ते याच क्रमांकावर विचारा.

४. दारू एकदम सोडली का माणूस मरते म्हणतात. खरं आहे का?

रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत खरं आहे. हे उत्तर कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

माझ्या मोठ्या काकांनी पोळ्याच्या करीला शेवटची घेतली आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात माळ घातली. घरात सगळ्यांना आनंद झाला. पहिल्या दिवशी हात कापले, घाम फुटला. दुसऱ्या दिवशी झोप नाही. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर साप दिसायला लागले, मेलेल्या माणसांशी बोलायला लागले. घरच्यांना वाटलं बाहेरचं झालं. भगताला बोलावलं, लिंबू उतरवलं. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं तोपर्यंत उशीर झाला होता. बाहेरचं काही नव्हतं. मेंदूला वर्षानुवर्षं मिळणारी दारू अचानक तुटली की हे होतं आणि औषधाने ते टाळता येतं.

वेळापत्रक साधारण असं असतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, मळमळ, घाबरणं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, ओळख न पटणं. यातच जीव जातो. म्हणून रोज पिणाऱ्याने सोडायचं ठरवलं तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना भेटायचं. ते पहिले काही दिवस शांत ठेवणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. हे जीवनसत्त्व साधं वाटतं, पण त्याच्या कमतरतेने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. झटका आला किंवा माणूस भलतंच बोलू लागला तर १०८ ला फोन करा. शेजाऱ्याकडच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.

आधी झटके येऊन गेले असतील, लिव्हरचा किंवा साखरेचा आजार असेल, तर घरी प्रयत्नच करू नका, भरती व्हा.

५. दहा दिवस भरती ठेवलं, घरी आला आणि पंधराव्या दिवशी प्यायला. उपचार फसला का?

नाही. ते दहा दिवस फक्त शरीरातली दारू उतरवण्याचे होते. खरा उपचार त्यानंतरचा: ओढ कमी करणाऱ्या गोळ्या, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं, महिन्या-महिन्याला तपासणी. हे वर्षभर तरी चालतं. बीपीच्या माणसाचं बीपी पुन्हा वाढलं म्हणून आपण औषध बंद करत नाही. पुन्हा प्यायला तर लाज न बाळगता त्याच आठवड्यात परत न्या.

आपल्याकडे अडचण हंगामाची असते. पेरणी किंवा कापूस वेचणी सुरू असताना कुणी भरती होत नाही, आणि कापसाचे पैसे हातात आले की पिणं वाढतं. म्हणून भरतीची वेळ पैसे हातात यायच्या आधी ठरवा, आणि ते पैसे थेट बायकोच्या खात्यावर जातील असं त्याच्याच संमतीने लिहून घ्या. पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात रोवणी संपल्यानंतरचे दिवस बरे पडतात. पाठपुराव्याची औषधं ग्रामीण रुग्णालयातच मिळावीत, जिल्ह्याला यायला लावू नये, ही मागणी आम्ही प्रत्येक सभेत करतो. दोनशे रुपये भाडं आणि एक दिवसाची मजुरी पडते म्हणून औषध सुटलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत.

६. त्याला न सांगता भाजीत टाकायचं औषध मिळते म्हणतात. द्यावं का?

देऊ नका. अशा पुड्यांमध्ये अनेकदा डायसल्फिरम असतं. ते पोटात असताना दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. हेच औषध डॉक्टर कधी कधी देतात, पण माणसाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करून. गुपचूप दिलेलं कळलं की घरच्या जेवणावरचाही त्याचा विश्वास उडतो, तो वेगळाच.

७. तो तयारच नाही. बळजबरीने भरती करता येते का?

बहुतेक वेळा नाही, आणि बहुतेक वेळा करूही नये. नियम असा की माणूस स्वतःच्या इच्छेने भरती होतो आणि स्वतः घरी जाऊ शकतो. अपवाद मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ चा. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या अवस्थेत नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने बोलणारा, सहसा घरचाच माणूस) अर्जावर भरती करता येते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. ही भरती ३० दिवसांपर्यंत आणि रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक: बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, इतरांसाठी ७ दिवसांत.

रात्री जीप घेऊन येतात, हातपाय बांधून नेतात, अशा केंद्रांना पैसे देऊ नका. कलम ९५ ने माणसाला साखळीने बांधायला कुठल्याही स्वरूपात बंदी आहे. घरी खांबाला बांधून ठेवणारी घरंही मी पाहिली आहेत. त्यांच्यावर रागावण्याआधी त्यांना जवळचा दवाखाना किती लांब आहे ते मी विचारतो.

८. खासगी केंद्र चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, ते प्रमाणपत्र पाहा. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री कोण असतं, घरच्यांना भेटू देतात का, फोन करू देतात का, हे विचारा. ‘महिनाभर भेटायचं नाही’ असं सांगत असतील तर परत फिरा. दारू पहिल्या दिवशी बंद करून औषध काहीच देत नसतील तर काय होऊ शकतं ते प्रश्न ४ मध्ये आहे. ‘शंभर टक्के गॅरंटी’ असा बोर्ड असेल तर तिथे आत जायचीही गरज नाही.

९. पोरगा गांजा ओढतो. दवाखान्यात नेलं आणि पोलिसांनी पकडलं तर?

या भीतीने मुलं वर्षानुवर्षं उपचाराबाहेर राहतात, म्हणून नीट सांगतो. कायद्यानुसार सेवन हा गुन्हा आहे: गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणून भरतीची चिठ्ठी, तारखांचं कार्ड, सगळं जपून ठेवा. खटला उभा राहून दोष ठरला तरी कलम ३९ खाली न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं.

गुन्हाच दाखल नसेल तर भीतीचं कारण आणखी कमी. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधन आहे.

अपवाद लक्षात घ्या. गांजाचं अल्प प्रमाण एक किलोपर्यंत धरतात. त्याहून जास्त सापडला किंवा मुलगा विकत होता असं दिसलं, तर ही सूट लागू नाही. 

पंधरा-वीस वर्षांच्या पोराला तुरुंगात पाठवून त्याचा गांजा सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. तिथे ओळखी वाढतात, घरी आल्यावर काम मिळत नाही.

१०. मग भांग कशी चालते? महाशिवरात्रीला तर सगळेच घेतात.

केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत, म्हणून भांग राज्याच्या नियमांखाली येते. कायद्यातला हा फरक शरीराला कळत नाही. घरात कुणाला वेड लागण्याचा आजार असेल तर त्या घरच्या मुलाने दोन्हीपासून लांब राहावं.

११. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. मग उपचाराची गरज काय?

विदर्भाइतका याचा अनुभव राज्यात कुणालाच नाही. वर्धा गांधीजींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून बंदीत आहे. गडचिरोलीत बायकांच्या आणि आदिवासी गावांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. बंदी हवी की नको यावर आमच्यातही दोन मतं आहेत. माझं मत असं की दुकान लांब गेलं तर नवीन पोरगा उशिरा सुरू करतो, आणि बाईला रस्त्याने चालताना भीती कमी वाटते, हे खरं आहे. पण ज्याचं शरीर दारूवर चालतं त्याची ओढ सरकारी आदेशाने थांबत नाही. तो जिल्ह्याची हद्द ओलांडतो, चोरून गाळलेली पितो, किंवा अचानक तुटून प्रश्न ४ मधल्या अवस्थेत जातो.

म्हणून बंदीबरोबर उपचार हवेतच. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू झाला. राज्य सरकार, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट्स त्यात एकत्र आले. गावाची संघटना, दारूबंदीची अंमलबजावणी आणि गावपातळीवरची उपचार शिबिरं, तालुक्याला क्लिनिक अशी त्याची रचना आहे. बंदी नसलेल्या जिल्ह्यांतही यातला उपचाराचा भाग जसाच्या तसा उचलता येईल. त्यासाठी कुठला कायदा बदलावा लागत नाही.

१२. गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचं आहे. काय करावं?

गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांची मागणी प्रशासनाकडे द्यावी लागते. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान: उभी बाटली की आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होतं. मतदानाच्या तारखेआधीच रोज पिणाऱ्यांची यादी आशाताईंकडून करून घ्या आणि आरोग्य केंद्राला कळवा. दुकान बंद झाल्यावरचा पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा.

१३. मोहाची दारू आमच्या पूजेत लागते. तिलाही व्यसन म्हणायचं का?

पूजेत देवाला वाहिलेली आणि सणाला घेतलेली मोहाची दारू म्हणजे आजार नव्हे. आजाराची खूण प्रश्न १ मध्ये दिली आहे, ती कुठल्याही दारूला सारखीच लागते. मोहफुलाच्या दारूत विक्रीसाठी काहीबाही मिसळायला लागले तेव्हापासून धोका वाढला, हे गावातली जुनी माणसंच सांगतात. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. किती, कधी, कुणासाठी हे बाहेरच्यांनी ठरवण्यापेक्षा ग्रामसभेनेच बसून ठरवावं.

१४. खर्रा तर सगळेच खातात. तेही व्यसनच का?

हो, आणि विदर्भात त्याच्याइतकं घराघरांत पोहोचलेलं दुसरं व्यसन नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा बाया खातात, शाळेतली पोरं खातात, पाहुण्यालाही देतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर समोरच घोटला जातो.

आज घरी एक तपासणी करा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, गालाला आतून पांढरे ताठ पट्टे असतील, तर लगेच दंतविभागात दाखवा. तो कॅन्सरच्या आधीचा टप्पा असू शकतो. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत सेवा आहे. खर्रा एकदम सोडला तरी दारूसारखा जिवाला धोका नाही. चिडचिड आणि अस्वस्थता दोन-तीन आठवड्यांत उतरते.

१५. बारा वर्षांचा मुलगा पंक्चरचं सोल्युशन हुंगतो. त्याला कुठे न्यायचं?

जिल्हा रुग्णालयात, आजच. हुंगण्याने हृदयाचा ठोका अचानक थांबू शकतो. २०१९ च्या पाहणीत हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली की तिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त होतं. भरती करावी लागली तर मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि पालकाने सोबत राहायचं, असा कायदा आहे. मोठ्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्याला ठेवू नका. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार त्या माणसाविरुद्ध करा, मुलाला गुन्हेगार ठरवू नका. मारू तर मुळीच नका. हुंगल्यावर घाबरून पळालेली मुलं कोसळल्याच्या घटना होतात.

१६. आजारी आहे म्हणून त्याचा मार सहन करायचा का?

नाही, ताई. व्यसन आजार आहे आणि मारहाण गुन्हा आहे, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. ११२ किंवा १८१ ला फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा तुमचा हक्क टिकतो. तो उपचार घेतो आहे म्हणून तक्रार मागे घ्यायची गरज नाही आणि तक्रार केली म्हणून त्याचे उपचार थांबत नाहीत. ‘तुम्ही जरा समजून घ्या’ असं तुम्हाला दवाखान्यात कुणी सांगितलं तर लेखी तक्रार करा.

१७. आरोग्य विम्यात खर्च मिळतो का?

२०१७ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. पण विम्याच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत दारू आणि नशेच्या उपचाराचा अपवाद आहे, आणि त्यावर बोट ठेवून दावे नाकारले जातात. कायद्याने आजार मानायचा आणि विम्याने नाकारायचा, ही विसंगती दूर करणं सरकारचं काम आहे. तोपर्यंत प्रश्न ३ मधल्या निःशुल्क दवाखान्यांवर भिस्त ठेवा.

१८. आमच्या आरोग्य केंद्रात औषधंच नसतात. गावाने काय करावं?

ग्रामसभेत ठराव घ्या. मजकूर असा चालेल:

‘आमच्या गावात व्यसनाच्या आजाराचे रुग्ण आहेत. दारू सोडताना लागणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम उपलब्ध ठेवावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमने महिन्यातून एक ठरलेला दिवस ग्रामीण रुग्णालयात बसावं व तो दिवस फलकावर लिहावा. भरतीनंतर घरी आलेल्या रुग्णाची पहिले तीन महिने गृहभेट व्हावी. रुग्णांची नावं जाहीर करू नयेत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नावं वाचून दाखवली की पुढच्या वेळी कुणी पुढे येत नाही. ठराव तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, तिन्ही ठिकाणी पोच घ्या. एका तालुक्यात ‘ठराव आलाच नाही’ असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. पोच दाखवल्यावर तो त्याच टेबलाच्या खणात सापडला. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागा: गेल्या सहा महिन्यांत या औषधांचा साठा किती होता, आणि व्यसनाचे किती रुग्ण नोंदले गेले. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत.